उलटून पाहिलेला कोट

“हा नाही घेता येणार आम्हाला,” काउंटरमागची बाई म्हणाली आणि ताईचा गर्द हिरवा कोट तिने माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, कुठे डाग निघाला असेल, नाहीतर कसर लागली असेल. ताईच्या कपाटात कसर म्हणजे तसं अशक्यच, पण लोकरीचं काय सांगावं. मी तसं विचारलं. तिने चष्मा कपाळावर चढवला. “डाग नाही हो. ठेवलाय अगदी उत्तम. फक्त अस्सल नाही. लेबलवर ज्यांचं नाव आहे, त्यांनी हा शिवलेला नाही.” आणि मला हसू आलं. आलं म्हणजे फुटलंच, आधी नाकातून, मग खांद्यांतून. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ चक्क बाजूला झाले. तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून मी कोटाच्याच कॉलरमध्ये तोंड खुपसलं. तिथे ताईच्या अत्तराचा वास होता, तो नाकात गेला आणि मी आणखीच हसू लागले. मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला हसता हसताच कळत होतं.

त्या दुकानात वापरलेले भारी कपडे विकत घेतात, पारखतात आणि पुन्हा विकतात. ताईला कोट घट्ट व्हायला लागला होता, आणि तो नुसता देऊन टाकणं तिच्या जिवावर आलं होतं. पण स्वतः तिथे जायला ती तयार नव्हती. “तू जा ना छोटे. मला तिथे कुणी पाहिलं तर? तुला कोण ओळखतंय!” असं ती म्हणाली होती, अगदी सहज, बशी पुसता पुसता, आणि मी नेहमीप्रमाणे ते गिळून कोटाची पिशवी उचलली होती. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. ज्या नावाशी आल्यावर माणसं आपोआप आवाज जरा खाली आणतात, त्यातलं ते एक. ताई मात्र आवाज खाली आणायची नाही. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकताना तो असा पडायचा की लेबल वर यावं, आणि मग तिचं लक्षच नसायचं. ते लक्ष नसणं मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. मला ते कधी जमलं नाही. माझं माझ्या कपड्यांवर कायम लक्ष असतं, आणि त्याला कारण आहे. लहानपणी माझ्या अंगावर जे चढलं ते आधी ताईच्या अंगावरून उतरलेलं. आई तिचा फ्रॉक माझ्या मापाला दुमडून द्यायची आणि मी उंच झाले की दुमड उसवून सोडायची. उसवलेल्या दुमडीची रेघ राहते. इस्त्रीने जात नाही, धुऊन जात नाही. माझ्या गुडघ्याच्या जरा वर ती रेघ सदा असायची, आणि ती रेघ बघून वर्गातल्या मुलींना बरोबर कळायचं की हा फ्रॉक कुणाचा. मी दप्तर पुढे धरून चालायला शिकले. अजूनही पर्स पुढेच धरते. आणि आज ही काउंटरवरची बाई, समोरच्या दातांत छानशी फट असलेली, मला सांगत होती की ताईचा कोट खोटा आहे.

“तुम्हाला धक्का बसलाय,” ती म्हणाली. हसण्याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला होता. मी म्हटलं, “कशावरून? तुम्ही कसं ओळखलंत?” हे विचारताना माझा आवाज इतका वर गेला की मलाच नवल वाटलं. ती जरा थबकली, मग तिने विचारलं, “तुम्ही काय करता?” “दात,” मी म्हटलं. “म्हणजे दाताच्या लॅबमध्ये असते. कवळ्या बनवते, एकेकटे दातही.” तिचा चेहरा खुलला. “मग तुम्हाला दाखवायला मजा येईल. या बटणांकडे बघा. काय दिसतं?” मी पाहिलं. तपकिरी बटणं, शिंगाची, आत धुरासारखी एक पांढुरकी झाक. आणि मग मला दिसलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. प्रत्येक बटणात ती झाक तीच होती, त्याच जागी वळलेली, त्याच जागी संपलेली. “शिंग असं नसतं,” मी म्हटलं. “कधीच नसतं,” ती म्हणाली. “हे साच्यातलं प्लास्टिक आहे. गालाला लावा. खरं शिंग गार लागतं.” मी ते सगळ्या रांगेदेखत गालाला लावलं. कोमट होतं. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कामात पहिली गोष्ट हीच शिकवतात, की समोरचे सगळे दात एकाच छटेचे लावलेस तर माणूस बाहुलीसारखा दिसेल. एकाला हिरडीशी किंचित पिवळा हात द्यायचा, एकाला केसाएवढा तडा, एखादा जरासा तिरपा. आयुष्यभर मी हे करत आले आणि ताईच्या कोटाची बटणं इतक्या वेळा समोर असून मी ती कधी पाहिली नव्हती. मी फक्त लेबल पाहत होते.

मग ती सांगत गेली आणि मी पीत गेले. कोट तिने उलटा केला. अस्तराला पाठीवर मधोमध एक चुणी ठेवतात, हात पुढे केले की अस्तर ताणलं जाऊ नये म्हणून. इथे चुणी होती, पण नुसती इस्त्रीने पाडलेली, मागे कापडच नाही. खिशाच्या कोपऱ्यात टाके एकावर एक चढलेले. लेबल चारी बाजूंनी मशीनने दडपून शिवलेलं, आणि त्याच्या शिवणीचे टाके अस्तरातून पलीकडे उमटलेले. धुण्याच्या सूचनांची पट्टी आत बाजूच्या शिवणीत, तिच्यावर एका शब्दात अक्षरच गळलेलं. “पण हे सगळं नंतरचं,” ती म्हणाली. “आधी कपडा नाही बघायचा, विकणारा बघायचा. बिल देतो का, परत घेतो का? ‘एकच पीस उरलाय’, ‘खास तुमच्यासाठी ठेवलाय’ असं म्हणाला की पर्सची चेन लावायची.” मी विचारलं, “आणि फार स्वस्त असेल तर?” ती हसली, फट दिसली. “फार स्वस्त देणारे कच्चे असतात हो. पक्के लोक थोडंसंच कमी करतात. घेणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटेल, एवढंच.” तेव्हा मला एकदम ताई आठवली. नवीन काही घेतलं की ती भुवई उंचावून म्हणायची, “दुकानात विचार काय भाव आहे ते. मला कितीला पडला ते नको विचारूस.” तिचा तो हुशारीचा चेहरा.

बाहेर पडले तर रस्ताच बदलला होता. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या जाकिटाच्या चौकड्या खिशापाशी येऊन चुकत होत्या, एक रेघ वर, एक खाली, आणि ते मला दहा पावलांवरून दिसत होतं. एका मुलीच्या पाठीवर एवढं मोठं नाव छापलेलं की त्यातली दोन अक्षरं एकमेकांना चिकटली होती. एक म्हातारे गृहस्थ विटक्या करड्या कोटात चालले होते, कोणतंही नाव नाही, पण बाही खांद्याला अशी बसवलेली की मी त्यांच्या मागोमाग एक गल्ली जास्त चालून गेले. माझे कान गरम झाले होते. परीक्षेत पेपर हातात पडतो, पहिला प्रश्न वाचतो आणि कळतं की आपल्याला येतंय, सगळंच येतंय, तसं काहीतरी छातीत चाललं होतं. आणि त्याखाली, अगदी तळाला, एक दुसरीच गोष्ट हलत होती. ताईला माहीत असेल का? माहीत नसेल तर तिला कोण सांगणार? आणि माहीत असेल तर मी इतकी वर्षं कशाचा हेवा केला? मी मनाशी वाक्यं जुळवायला लागले. ताई, रागवू नकोस. ताई, एक गंमत झाली. ताई, तसं काही नाही, पण. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला माझंच हसू ऐकू येत होतं आणि मी ते वाक्य टाकून पुढचं घेत होते. घरी जाऊन उद्या फोन करावा, असं शहाणपण सुचलंही. पण पाय ताईच्या इमारतीकडे वळले होते, आणि खरं सांगायचं तर मी जवळपास धावतच होते.

“किती म्हणाले?” ताईने दार उघडताच विचारलं. भावजी, म्हणजे तिचे यजमान, खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. “आत तर येऊ दे,” मी म्हटलं. “कमी म्हणाले ना? मला वाटलंच. या लोकांना पारख नसते.” “ताई, पारखच आहे त्यांना.” आणि वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. “ताई, तो खरा नाहीये.” इतकं हळुवारपणे सांगायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून ते बाहेर पडलं ते चिंच तोडून झाडावरून उडी मारावी तसं. भावजींचा हात थांबला. ताईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, ‘तुला काय कळतं त्यातलं’ म्हणेल, आणि मी तयार होते. ती म्हणाली, “दाखव.” मी कोट सोफ्यावर पसरला. बटणं दाखवली, चुणी दाखवली, गळलेलं अक्षर दाखवलं. ताई वाचायचा चष्मा घेऊन आली. माझ्यासमोर तिने तो कधीच लावला नव्हता. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे आणि थकलेले दिसत होते. एक बटण तिने गालाला लावून बघितलं, मग दुसरं. मग ती कोटाशेजारी बसली आणि म्हणाली, “म्हणजे भर चौकात माझं नाक कापलेलं आहे आणि मीच तेवढी शिंकत फिरतेय.” भावजी हसले. मी हसले नाही. आता हसू यायला हवं होतं तर येईना.

“ये,” ताई म्हणाली आणि आत गेली. तिने कपाट उघडलं. त्या कपाटापुढे मी पाहुणीसारखी उभी राहत आले होते, दारातूनच, हात मागे बांधून. ताईने हँगरवरचे कपडे कवेत घेतले आणि सगळेच्या सगळे जमिनीवर टाकले. “बघ. एकूण एक बघ.” आम्ही दोघी फरशीवर बसलो, गुडघे मोडून, लहानपणी बसायचो तशा, आणि कोट उलटे करायला लागलो. ब्लेझर, जाकिटं, रेशमी ब्लाउज, एक लांब काळा कोट जो तिने लेकीच्या लग्नाच्या बोलणीला घातला होता. “हा?” “खोटा.” “हा?” “थांब, चेन बघू दे. खोटा.” ताईचे गाल लाल होत गेले. ती आता स्वतःच शोधत होती, माझ्या आधी, बोट शिवणीवरून फिरवत. “हे बघ, हे बघ, लेबल तिरकं! छोटे, इथे तर नावच चुकलंय गं!” आणि तिने ते नाव मोठ्याने वाचलं, चुकीचं, जसंच्या तसं, आणि आम्ही इतक्या हसलो की भावजी संत्र्याची फोड हातात घेऊन दाराशी आले. अख्ख्या ढिगात एकच वस्तू खरी निघाली. मोहरीच्या रंगाचा एक स्कार्फ. कडेला हाताने गुंडाळून घातलेली बारीक शिवण, कुठे किंचित जाड, कुठे किंचित बारीक, कुणीतरी माणसाने बसून घातलेली. “हा?” ताई म्हणाली. “हा मला मुळीच आवडत नाही. याने मी कावीळ झाल्यासारखी दिसते.” हसता हसता तिने डोळे पुसले आणि ते पुसणं जरा लांबलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मला संशय होता, छोटे. त्या काळ्या कोटाचा रंग पहिल्याच वर्षी मानेला लागला होता. साबणाने घासून काढला मी.” “मग?” “मग काय? विचारायचं कुणाला? विमानवालीला? का तुला?” “मला का नाही?” ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी ओळखीने. “तुला किती आनंद झाला असता!” मी मान खाली घातली. माझ्या मांडीवर एक बाही पडली होती, तिची शिवण मी उगाचच बघत राहिले.

विमानवाली म्हणजे ताईच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारी बाई. ती नेहमी आत्ताच विमानातून उतरलेली असते. परदेशातल्या मोठमोठ्या दुकानांत तिच्या ओळखी, तिथून ती कपडे आणते, आणि शनिवारी दुपारी आपल्या हॉलमध्ये निवडक बायकांना बोलावून विकते. निवडक हा शब्द महत्त्वाचा. ताईला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं होतं, दोनदा. “आता एक बोलू?” भावजी दारातूनच म्हणाले. “येत्या शनिवारी विहीणबाई येणार आहेत ना वर?” ताईचा हात थांबला. विहीणबाई म्हणजे ताईच्या लेकीची सासू, एक अबोल, मोजूनमापून वागणारी बाई. गेल्या थंडीत ताईच तिला हाताला धरून विमानवालीकडे घेऊन गेली होती, आणि ताईच्या शब्दावर तिने एक निळा कोट घेतला होता. आता तिला सुनेसाठी एक हवा होता. सुनेसाठी, म्हणजे ताईच्याच मुलीसाठी. “मी सांगू का,” भावजी म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. शनिवारी डोकं दुखतंय म्हणायचं आणि घरात बसायचं. त्या घेतील, मुलगी घालेल, कुणाला कळणार आहे? आणि बोललीस तर आधीच्या निळ्या कोटाचं काय सांगशील? मुलीचं घर आहे ते.” ताईने हळूहळू मान हलवली. कपडे एकेक करून हँगरला लावायला लागली. “तूही कुठे बोलू नकोस,” ती मला म्हणाली. मी बरं म्हटलं. लिफ्टमधून खाली येताना आरशात मला माझा चेहरा दिसला, अजून लाल, आणि त्यावरचं ते परीक्षेचं तेज आता विझत चाललेलं.

लॅबमध्ये मी मेणात दात बसवत होते आणि डोकं वरच्या मजल्यावर होतं. विहीणबाई तो कोट घालून आरशासमोर वळताहेत, विमानवाली म्हणतेय ‘एकच पीस’. मी मनातल्या मनात हात वर करत होते, बाई, मला येतं, मला येतं. मग लेकीचं सासर आठवायचं आणि हात खाली. हे सगळं आपल्या कुठल्या पोटदुखीतून येतंय, असंही मी स्वतःला विचारून पाहिलं. थोडंफार होतंच. पण नुसतं तेवढंच असतं तर त्या फरशीवरच्या हसण्यात ते संपायला हवं होतं. उलट आता मला झोपेतसुद्धा शिवणी दिसत होत्या. शुक्रवारी ताईचा फोन आला. “छोटे, शिंगाचं बटण गार लागतं ना?” “हो.” “आणि ती चुणी, पाठीवर नक्की कुठे? कॉलरच्या खालपासून?” “हो. का गं?” “सहज.” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “उद्या दुपारी ये. आणि जरा बरं काहीतरी घालून ये.”

विमानवालीच्या हॉलमध्ये कपड्यांच्या दांड्या उभ्या केलेल्या, खिडकीतून लख्ख ऊन, हीटर चालू, कॉफीचा आणि नव्या कापडाचा वास. सात-आठ जणी होत्या, सगळ्या एकमेकींच्या बाह्यांना हात लावत होत्या. ताईने तो हिरवा कोट घातला होता. कमरेशी घट्ट होत होता तरी सगळी बटणं लावून, त्या उकाड्यात. “बॅगासुद्धा धड उघडल्या नाहीत हो, पाठ टेकली नाही अजून,” विमानवाली सांगत होती. गोड आवाज, मऊ हात, सगळ्यांची नावनिशी पाठ. विहीणबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. त्यांच्यासाठी तिने आतून एक पांढुरका कोट आणला. त्यांनी तो अंगात घातला, कारण सुनेची अंगलट त्यांच्यासारखीच, आणि आरशापुढे उभ्या राहिल्या. मी होते तिथून मला बटणं दिसली. प्रत्येकात धुराचं एक वळण, तेच, तिथेच. माझं काळीज इतक्या जोरात उडायला लागलं की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. “एकच पीस आहे,” विमानवाली म्हणाली. “दोघींनी मागितला, मी म्हटलं नाही, तो विहीणबाईंसाठी ठेवलाय.” विहीणबाईंनी पर्स उघडली. मी उठलेच. अर्धी उठले होते, तोंड उघडलं होतं, आणि ताईचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. जड, गरम हात. तिने मला खाली बसवलं आणि ती स्वतः उभी राहिली.

“विहीणबाई, थांबा जरा. आधी माझा बघा.” तिने कोटाची बटणं एकेक करून काढली. काही घाई नव्हती. कोट खांद्यांवरून उतरवला तो तिच्या त्या नेहमीच्या ढंगात, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला, पण या वेळी उलटा करून, अस्तर वर. हॉलमधलं बोलणं एकेका कोपऱ्यातून बंद होत गेलं. “हा मी इथूनच घेतला,” ताई म्हणाली, “आणि हा खोटा आहे. ही बटणं बघा, सगळी सारखी. शिंग असं नसतं. ही पाठीवरची चुणी, हिच्या मागे कापड नाही. आणि हे लेबल.” ती बोटाने दाखवत होती, एकेक गोष्ट, माझे शब्द, काउंटरवरच्या बाईचे शब्द, पण तिच्या तोंडून ते असे येत होते की जणू ती जन्मभर हेच करत आली आहे. मला वाटलं होतं माझं बक्षीस कुणी पळवल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. मी तिचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होते. “आता तुमच्या अंगावरचा बघा,” ती विहीणबाईंना म्हणाली. विमानवाली हसत पुढे आली. “काय हो, काय ही थट्टा!” “थट्टा नाही. बिल द्या. आणि त्यावर लिहून द्या की खोटा निघाला तर परत घ्याल. लगेच घेतील त्या.” विमानवालीचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याच्याखालचा चेहरा बदलला, मऊपणा गेला आणि एक दमलेली, हिशेबी बाई दिसली. “आणि तुम्हाला काय वाटलं होतं?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “या किमतीत? खरंच वाटलं होतं? मी नाव लावते, तुम्ही मिरवता. इतकी वर्षं एकीनेही बिल मागितलं नाही, ते का?”

कुणी कुणाकडे बघेना. एकीने बाहीवरचा हात काढून घेतला. ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं, आणि ते ताईला कसं लागलं असेल, त्या साबणाने घासलेल्या मानेला, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. ताई म्हणाली, “मला वाटलं होतं. पुढे वाटेनासं झालं, तरी मी घालत राहिले. ते माझं मी बघेन. पण यांना इथे मी आणलं, माझ्या शब्दावर यांनी घेतला. म्हणून बोलतेय.” विहीणबाईंनी विचारलं, “म्हणजे माझा निळा?” “तोही असणार.” विहीणबाईंनी अंगातला कोट काढला. हँगर मागून घेतला, त्यावर तो नीट लावला, वरचं एक बटण घातलं, पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. दार इतकं हळू लागलं की ते लागल्याचं कळायला वेळ लागला.

लिफ्टमध्ये ताईने भिंतीला पाठ टेकली. कोट तिने हातावर घेतला होता. “जीभ टाळ्याला चिकटलीय माझी,” ती म्हणाली, आणि लगेच, डोळे चमकवत, “पण काय गं, चुणी बरोबर सांगितली ना मी?” आम्ही एकमेकींचे हात धरून त्या एवढ्याशा डब्यात अक्षरशः उड्या मारल्या. घरात शिरलो आणि भावजींचा चेहरा पाहिल्यावर मात्र पाय जमिनीवर आले. त्यांना विचारावंही लागलं नाही. “त्या काही न बोलता गेल्या?” ते म्हणाले. “काहीच नाही?” ताई सोफ्यावर बसली. लेकीला फोन लावायला तिने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी पाणी आणलं, ते तिने हातात धरून ठेवलं. आता आपण केलं काय, हा विचार मला पहिल्यांदाच सरळ येऊन भिडला. एका कोटापायी. मी त्या दिवशी इथे धावत आले नसते तर. ऊन फरशीवरून सरकत सोफ्याच्या पायाशी गेलं, आणि मग दारावर थाप पडली. नीट ऐकलं नसतं तर ऐकू आली नसती इतकी हलकी.

विहीणबाई होत्या. धापा टाकत होत्या, केस विस्कटलेले, हातात एक फुगलेली पिशवी आणि पिशवीतून निळी बाही लोंबकळत असलेली. “मी घरी जाऊन बघितलं,” त्या म्हणाल्या. “खिडकीत नेऊन बघितलं. सगळी बटणं सारखी!” आणि त्यांचे डोळे असे विस्फारलेले होते की मला दुकानातली मीच आठवले. ताई उठून उभी राहिली. “विहीणबाई, मला माफ—” “ते राहू द्या हो. तुम्ही फसलात, मीही फसले. पण तुम्ही उठून बोललात, मी नुसती दार लावून आले. आधी वर चला. मला तिला हा परत द्यायचाय, पण मला भांडता येत नाही. सवयच नाही. तुम्ही दोघी नुसत्या शेजारी उभ्या राहा.” भावजींनी तोंड उघडलं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहून अदबीने मान लववली आणि त्यांनी ते मिटलं. पुढे विमानवालीने काही जणींना पैसे परत केले, काहींना झुलवत ठेवलं, आणि तिचे शनिवार बंद झाले. दोन बायका ताईशी आजही बोलत नाहीत. लेकीला मात्र सासू ताईचा किस्सा पाहुण्यांना सांगताना सापडते, दर वेळी थोडा वाढवून. ते सगळं नंतर झालं. त्या संध्याकाळी आम्ही तिघी लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून वर निघालो होतो. निळी बाही माझ्या हातावर घासत होती, ताई पुटपुटत होती, बटणं, चुणी, लेबल, बटणं, चुणी, लेबल, आणि विहीणबाईंचा श्वास मला माझ्या श्वासाइतकाच जवळ ऐकू येत होता. वरचं दार बंद होतं. आत चाहूल होती, कुणीतरी चपला ओढत आलं आणि पलीकडेच थांबलं. ताई मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, आता काय, असं. तेवढ्यात विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली, बेलवर बोट ठेवलं, आणि ते उचललंच नाही.